जखमींना उचलणाऱ्या हातांचे विस्मरण

डिसेंबर १९५० चा पहिला आठवडा. उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांग रिकामी होत होती. यालू नदी ओलांडून आलेल्या चिनी फौजांच्या लोंढ्यापुढे संयुक्त राष्ट्रांचे सैन्य दक्षिणेकडे माघार घेत होते. हाडे गोठविणारी थंडी, रस्त्यांवर निर्वासितांचे तांडे आणि मागून जवळ येत चाललेला तोफांचा आवाज. अशा वेळी नुकत्याच तेथे पोहोचलेल्या एका भारतीय तुकडीपुढे मोठा पेच उभा राहिला. सामान वाहून नेण्यास पुरेशी वाहने नव्हती. ते पेटवून द्यावे आणि माणसांनी जीव वाचवावा, हाच मार्ग सर्वांना दिसत होता. मात्र ते सामान म्हणजे शस्त्रक्रियेची उपकरणे, औषधे, स्ट्रेचर आणि तंबू होते. ते जळाले असते तर पुढच्या प्रत्येक लढाईतील जखमी वाऱ्यावर पडले असते.

तुकडीप्रमुखांनी सामान पेटविण्यास नकार दिला. शोधाशोध करता वाफेवर चालणारे एक जुने इंजिन आणि काही डबे सापडले. जवानांपैकी काहींना इंजिन चालविण्याची माहिती होती. बाकीच्यांनी रांग लावून बादल्यांनी बॉयलरमध्ये पाणी भरले. सारे सामान डब्यांत चढले, इंजिनाने धूर सोडला आणि नदीवरचा पूल उडविला जाण्यापूर्वी भारतीय जवानांनी चालविलेली ती गाडी पलीकडे गेली. मागे राहिले ते शत्रूच्या हाती जाणारे शहर.

एखाद्या चित्रपटात शोभावी अशी ही हकिगत आहे. तरीही तिच्यावर चित्रपट निघाला नाही, तिची गोष्ट आजीने नातवंडांना सांगितली नाही आणि तुकडीप्रमुखांचे नाव सुशिक्षित मराठी घरांतही क्वचितच कोणास ठाऊक असेल. ते होते लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज आणि त्यांची तुकडी होती ६० वी पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स. हे विस्मरण का घडले आणि त्याची किंमत राष्ट्राने काय मोजली, हा प्रश्न आता स्पष्टपणे विचारला गेला पाहिजे.

कोण होती ही माणसे?

मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले रंगराज हे १९४१ मध्ये पॅराशूटने उडी घेणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांपैकी एक. दुसऱ्या महायुद्धाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाने दक्षिणेवर आक्रमण केले, तेव्हा भारत सरकारने लढाऊ तुकडी न पाठविता वैद्यकीय तुकडी पाठविण्याचा निर्णय घेतला. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, दंतवैद्य, परिचारक आणि स्ट्रेचरवाहक मिळून सुमारे साडेतीनशे माणसांची ही तुकडी नोव्हेंबर १९५० मध्ये पुसान बंदरात उतरली.

फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स हा शब्द ऐकला की भोंगा वाजवीत धावणारी पांढरी गाडी डोळ्यांसमोर येते. युद्धभूमीवर त्याचा अर्थ फार वेगळा आहे. जखमी सैनिक पडतो तो गोळ्यांच्या टप्प्यात. त्याला तेथून उचलणारा स्ट्रेचरवाहकही त्याच टप्प्यात शिरतो आणि त्याचे दोन्ही हात दांड्यांत अडकलेले असतात. त्याला आडवे पडून आसरा घेता येत नाही, उलट गोळी झाडता येत नाही, धावताही येत नाही; कारण धक्का बसला तर स्ट्रेचरवरचा माणूस दगावतो. थोडे मागे असलेल्या उपचार केंद्रात रक्तस्राव थांबवायचा, मॉर्फिया द्यायचे, हाड बांधायचे आणि कोणाला आधी मागे धाडायचे हे काही क्षणांत ठरवायचे. हे केंद्रही तोफांच्या माऱ्याबाहेर नसते. बाहीवर रेडक्रॉसचे चिन्ह असले तरी तोफगोळ्याला ते वाचता येत नाही. कोरियाच्या त्या हिवाळ्यात तर प्लाझ्माच्या बाटल्याही गोठत होत्या.

प्योंगयांगहून परतल्यावर तुकडीचा मोठा भाग २७ व्या राष्ट्रकुल ब्रिगेडबरोबर आघाडीवर गेला. मेजर एन. बी. बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखालील दुसरा भाग तैगू येथे थांबून कोरियन नागरिकांवर आणि सैनिकांवर उपचार करू लागला. एप्रिल १९५१ मध्ये काप्योंगच्या खोऱ्यात चिनी हल्ला ब्रिगेडवर कोसळला, तेव्हा तिची वैद्यकीय बाजू याच भारतीय तुकडीने सांभाळली.

त्याच्या महिनाभर आधी, २३ मार्च १९५१ रोजी, मुन्सानजवळ अमेरिकेच्या १८७ व्या हवाई पथकाचे सुमारे साडेतीन हजार सैनिक पॅराशूटने शत्रूच्या पिछाडीस उतरले. ‘ऑपरेशन टोमाहॉक’ या नावाने ही मोहीम ओळखली जाते. त्या आकाशात बारा भारतीय होते. रंगराज यांच्यासह सात अधिकारी आणि पाच जवान. जमिनीवर पाय टेकताच त्यांनी उपचार केंद्र उभारले आणि पुढील दिवसांत शंभराहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. त्या जखमींपैकी कित्येक जण भारतीय शल्यविशारद तेथे नसते तर वाचले नसते. शिरावरच्या तपकिरी-लाल टोपीमुळे या माणसांना ‘मरून एंजल्स’ असे नाव पडले.

फेब्रुवारी १९५४ पर्यंत, सव्वातीन वर्षे, ही तुकडी कोरियात होती. या काळात तिने सुमारे दोन लाख वीस हजार रुग्णांवर उपचार केले. त्यांत मित्रराष्ट्रांचे सैनिक होते, कोरियाचे सामान्य नागरिक होते आणि पकडले गेलेले शत्रूसैनिकही होते.

दिल्लीचे मत आणि मुन्सानचे आकाश

आता त्याच महिन्यांतील दुसरे चित्र पाहावे. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य तिबेटमध्ये शिरले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी सरदार वल्लभभाई पटेल यांनी पंतप्रधान नेहरूंना ते प्रसिद्ध पत्र लिहिले आणि उत्तर सीमेवर उभ्या राहणाऱ्या संकटाची जाणीव करून दिली. पत्राची शाई वाळते न वाळते तोच भारतीय वैद्यकीय तुकडी पुसानला उतरली आणि महिना उलटण्यापूर्वी तिला चिनी फौजांचा प्रत्यक्ष अनुभव आला. सरदार ज्या शक्तीविषयी कागदावर सावध करीत होते, तिच्या तोफा रंगराज यांची माणसे कानांनी ऐकत होती.

तरीही १ फेब्रुवारी १९५१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत चीनला आक्रमक ठरविणारा ठराव आला, तेव्हा भारताने त्याच्या विरोधात मत दिले. वाटाघाटीचे दार बंद होऊ नये, हा त्यामागील युक्तिवाद होता. तो युक्तिवाद प्रामाणिक असेल. मुत्सद्देगिरीचे स्वतःचे हिशेब असतात. परंतु त्यानंतर सात आठवड्यांनी बारा भारतीय ज्यांच्या पिछाडीस उतरले ते उत्तर कोरियाचे सैन्य त्याच चीनच्या बळावर उभे होते, ही वस्तुस्थिती त्या युक्तिवादाने पुसली जात नाही.

फेब्रुवारी १९५४ मध्ये तुकडी मायदेशी परतली. एप्रिल १९५४ मध्ये भारत आणि चीन यांच्यात तिबेटविषयक करार झाला आणि ‘पंचशील’ हा शब्द देशभर दुमदुमू लागला. पाठोपाठ ‘हिंदी-चिनी भाई-भाई’च्या घोषणा आल्या. ज्यांनी चिनी गोळ्यांनी फाटलेली शरीरे तीन वर्षे शिवली होती, त्यांच्या अनुभवाला त्या उत्सवात जागा कोठून असणार?

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. शासनाने या तुकडीला पुरस्कार दिले नाहीत असे नाही. रंगराज आणि बॅनर्जी या दोघांना महावीरचक्र मिळाले, इतरांना वीरचक्रे मिळाली. १९५५ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी तुकडीला विशेष चषक देऊन गौरविले. पदके मिळाली, पण स्मृती मिळाली नाही. पदक छातीवर लागते आणि माणसाबरोबर निवृत्त होते. स्मृती समाजाच्या मनात रुजवावी लागते. त्यासाठी धडे, व्याख्याने, पुतळे, गोष्टी लागतात आणि त्या घडविण्याची इच्छा लागते. ती इच्छाच तेव्हा नव्हती.

सोलापूरचा एक डॉक्टर

विस्मरण ही नैसर्गिक गोष्ट आहे, इतक्या दूरच्या युद्धातील डॉक्टर कोणाच्या लक्षात राहणार, असे कोणी म्हणेल. त्याला सोलापूरचे उदाहरण पुरेसे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चिनी सैनिकांची त्यांनी जिवापाड सेवा केली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच देह ठेवला. हा त्याग वंदनीय आहे. त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने त्याचा अभिमान बाळगलाच पाहिजे.

कोटणीसांची आठवण आज जिवंत का आहे? व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. चीनने त्यांचे स्मारक उभारले. चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची भेट घेत राहिले. सोलापुरात त्यांच्या घराचे स्मारक झाले. म्हणजे परदेशातील युद्धात झिजलेला भारतीय डॉक्टर पाऊणशे वर्षांनंतरही लोकांच्या ओठी राहू शकतो, मात्र त्यासाठी कोणीतरी ती आठवण जपावी लागते. कोटणीसांची आठवण जपणे दोन्ही राजधान्यांना सोयीचे होते. रंगराज यांची आठवण दिल्लीतील कोणालाच सोयीची नव्हती. सोयीनुसार वीर निवडणारा समाज आपल्या वीरांशी प्रतारणा करतो. दोघेही एकाच व्रताचे उपासक होते. एकाचा दिवा लावताना दुसऱ्याचा विझवण्याचे कारण नव्हते.

ज्या देशासाठी ही माणसे झिजली तो देश मात्र विसरला नाही. दक्षिण कोरियाने जुलै २०२० मध्ये रंगराज यांचा ‘महिन्याचे युद्धवीर’ म्हणून गौरव केला. तेव्हा रंगराज हयात नव्हते. २००९ मध्येच ते निवर्तले होते. मार्च २०२१ मध्ये दिल्ली छावणीत भारत-कोरिया मैत्री उद्यानाचे उद्घाटन झाले आणि तेथे या तुकडीचे स्मारक उभे राहिले. कोरियाहून परतल्यानंतर तब्बल सदुसष्ट वर्षांनी!

दोन्ही बाजूंची चूक

सारा दोष त्या काळच्या परराष्ट्रनीतीवर ढकलून मोकळे होणे सोपे आहे. ते पुरेसे मात्र नाही. या विस्मरणात दोन परस्परविरोधी मनोवृत्तींचा हात आहे.

पहिली मनोवृत्ती स्वतःला शांततावादी म्हणविणाऱ्यांची. त्यांना सेवा प्रिय आहे, पण ती गणवेशात दिसली की त्यांचे कपाळ आठ्यांनी भरते. ‘भारताने कोरियात सैन्य पाठविले नाही, केवळ दवाखाना पाठविला’, असे वाक्य ही मंडळी मोठ्या समाधानाने लिहितात. केवळ दवाखाना! विमानाच्या उघड्या दारातून शत्रूच्या पिछाडीस उडी घेणारा हा कोणता दवाखाना? ती माणसे सैनिक होती. सैनिकाचे प्रशिक्षण, सैनिकाची शिस्त आणि सैनिकाचे धैर्य नसते, तर त्यांची करुणा जखमीपर्यंत पोहोचलीच नसती. सुरक्षित सभागृहात मानवतेवर भाषण देणे वेगळे आणि तोफांच्या माऱ्यात मानवतेचा एक जखमी नमुना पाठीवर घेऊन निघणे वेगळे.

दुसरी मनोवृत्ती वीरपूजकांची, आणि येथे राष्ट्रभक्त म्हणविणाऱ्या घरांनी स्वतःकडेही पाहावे. शौर्यकथा सांगताना आपली पहिली जिज्ञासा असते ती शत्रूचे किती मारले याची. किती वाचविले, हा आकडा कथेत आलाच तर शेवटी येतो. मुलांच्या वक्तृत्व स्पर्धांत परमवीरांची नावे घेतली जातात आणि ती घेतलीच पाहिजेत. पण त्या परमवीरांच्या सोबत्यांना खांद्यावर घेऊन डोंगर उतरलेल्या स्ट्रेचरवाहकाचे नाव कोणी घेत नाही. शत्रूवर चालून जाणाऱ्याच्या रक्तात त्वेष असतो, हातात शस्त्र असते. जखमीकडे जाणाऱ्याला त्वेषाचा आधार नाही. त्याला शांत डोक्याने शीर शोधायची असते, थरथरत्या बोटांना स्थिर ठेवायचे असते. हे धैर्य कमी प्रतीचे आहे काय?

आपल्या परंपरेने तरी तसे कधी मानले नाही. सुश्रुतसंहितेतील युक्तसेनीय अध्याय सैन्यासोबत जाणाऱ्या वैद्याच्या कर्तव्यांविषयी आहे. वैद्याचा तंबू राजाच्या तंबूजवळ असावा आणि तो सर्वांना ओळखता यावा म्हणून त्यावर ध्वज असावा, असे त्यात सांगितले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रे, यंत्रे, औषधे, तेल आणि पट्ट्या हाती घेतलेले चिकित्सक सैन्याच्या मागे उभे करण्याची व्यवस्था आहे. लंकेच्या रणांगणावर लक्ष्मण मूर्च्छित पडला, तेव्हा औषधीसाठी पर्वत उचलून आणणाऱ्या हनुमंताचे ते उड्डाण आपण त्याच्या पराक्रमाचा कळस मानतो. त्या उड्डाणात एकही शत्रू मारण्याचा हेतू नव्हता. हेतू होता एका जखमीचे प्राण वाचविण्याचा. सैन्याच्या वैद्यकीय दलाने ‘सर्वे सन्तु निरामयाः’ हे ब्रीद निवडले, ते याच परंपरेतून. परंपरेचा गजर करणाऱ्यांनी तिच्यातील हा अर्थ विसरावा, हे शोभणारे नाही.

रणभूमी दाराशी आल्यावर

हा प्रश्न जुन्या युद्धापुरता असता तर इतिहासकारांवर सोपवून देता आला असता. तसा तो नाही. २६ फेब्रुवारी २०१० रोजी काबूलमध्ये भारतीयांच्या निवासस्थानावर दहशतवाद्यांनी हल्ला केला. तेथील भारतीय वैद्यकीय पथकात काम करण्यासाठी मेजर लैश्राम ज्योतिन सिंह दोनच आठवड्यांपूर्वी पोहोचले होते. मणिपूरचा हा सैनिकी डॉक्टर निःशस्त्र होता. सहकाऱ्यांना वाचविण्यासाठी त्याने आत्मघाती हल्लेखोराला मिठी घातली आणि दहशतवाद्याने स्फोट घडवीपर्यंत ती सोडली नाही. त्याला मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. शांतताकाळातील हा सर्वोच्च शौर्यसन्मान. महाराष्ट्रातील किती विद्यार्थी हे नाव सांगू शकतील?

आणि महाराष्ट्राची स्वतःची रात्रही आठवावी. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी प्रसूती कक्षातील वीस गर्भवतींना एका लहानशा खोलीत हलवून सुरक्षित ठेवले. गोळी लागलेल्या सहकारी परिचारिकेलाही त्यांनी उपचारांसाठी पोहोचविले. पुढे न्यायालयात त्यांनी कसाबला ओळखले आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या रात्रीची साक्ष दिली. गणवेश सैन्याचा नव्हता. धैर्य मात्र त्याच कुळातले होते. रणभूमी आता सीमेवर थांबत नाही. ती रेल्वे स्थानकावर येते, रुग्णालयाच्या जिन्यावर येते. अशा वेळी जखमीकडे धावणारा माणूस समाजात तयार असतो की नाही, यावर अनेकांचे प्राण ठरतात.

तो माणूस आपोआप तयार होत नाही. गोष्टींनी मन घडते आणि प्रशिक्षणाने हात घडतात. रंगराज यांची तुकडी आजही कार्यरत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा आग्र्याहून निघालेल्या ६० व्या पॅरा फील्ड हॉस्पिटलच्या ९९ जणांनी इस्केन्देरून येथे रुग्णालय उभारले. भारतीय महिला अधिकाऱ्याला मिठी मारणाऱ्या तुर्की स्त्रीचे छायाचित्र तेव्हा घरोघर पोहोचले. ते पाहून भारावलेल्या लाखो लोकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, याच तुकडीने प्योंगयांगहून रेल्वेगाडी बाहेर काढली होती.

करावयाचे काय?

मागण्या मोठ्या नाहीत. पहिली, शालेय पाठ्यपुस्तकांत प्योंगयांगच्या त्या गाडीचा आणि मुन्सानच्या बारा उड्यांचा धडा असावा. तो वाचताना मुलांना कंटाळा येणार नाही याची हमी कोणीही देईल. दुसरी, पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून सैन्याला डॉक्टर देत आले आहे. त्या पुण्यात दरवर्षी २३ मार्चला या उडीचे स्मरण जाहीरपणे व्हावे. २३ मार्च हा भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांचा बलिदानदिन आहे. त्या दिवशी बारा भारतीयांचे नाव घेतल्याने हुतात्म्यांचा मान उणा होणार नाही. तिसरी मागणी कोणत्याही सरकारकडे नाही, ती प्रत्येक घराकडे आहे. रक्तस्राव कसा थांबवावा, बेशुद्ध माणसाचा श्वास कसा मोकळा करावा, मोडलेला पाय कसा बांधावा हे घरातील प्रत्येक तरुणाला आले पाहिजे. देशासाठी मरण्याच्या शपथा पुष्कळ झाल्या. देशबांधवाला वाचविण्याचे शिक्षण किती जणांनी घेतले?

महामार्गावर अपघात होतो, माणूस रक्ताच्या थारोळ्यात पडतो आणि भोवती जमलेला घोळका पोलिसांची वाट पाहत उभा राहतो. त्या घोळक्यात राष्ट्रगीताला ताठ उभे राहणारे असतात, सीमेवरच्या बातम्यांनी मुठी आवळणारेही असतात. तेथे तोफा नसतात, हाडे गोठविणारी थंडी नसते, चिनी फौजा नसतात. तरीही पहिले पाऊल पुढे पडत नाही. शत्रूच्या माऱ्यात शिरून परक्या देशाच्या सैनिकांना उचलणाऱ्या आपल्याच माणसांची गोष्ट त्या घोळक्याला कोणी लहानपणी सांगितली असती, तर कदाचित एखादा तरुण गुडघे टेकून खाली बसला असता आणि त्याने आपला रुमाल जखमेवर घट्ट दाबून धरला असता.